चिवड्यासह एक मुक्काम

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, म्हणजे पुढचं नीट ऐकता येईल. संगमनेरच्या अलीकडच्या एका हॉटेलात, भर दुपारी, परमिट रूममध्ये मी बसलो होतो हे खरं आहे. पण तिथं मी प्यालो तो लिंबू सोडा होता. नगरला आमच्या सावेडीत काही लोक वेगळंच सांगत फिरतायत. ते लोक कोण हे मला माहीत आहे. लोक म्हणजे एकटे कल्याणरावच.

कल्याणराव आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर राहतात. निवृत्त शिक्षक आहेत आणि अजून शिकवतात, फक्त आता कुणी वर्गात बसलेलं नसलं तरी चालतं. मीही गेल्या वर्षी निवृत्त झालो. चौतीस वर्षं सरकारी कारकुनी केली. कोणत्या खात्यात ते सांगत नाही, उगाच खात्याला त्रास. तर निवृत्तीनंतर लगेच आमच्या लग्नाला तीस वर्षं पूर्ण होत होती आणि मी मोठ्या मनानं बायकोला, म्हणजे पुष्पावतीला, विचारलं, "बोल, काय पाहिजे तुला?" माझ्या डोळ्यांसमोर साडी होती. फार तर बांगड्या.

ती म्हणाली, "मला एक रात्र हॉटेलात राहायचंय."

"हॉटेलात? अगं, कशाला? कुणाकडं तरी जाऊ की."

"तेच नकोय. कुणाकडं जायचं नाही. जिथं मला वहिनी, मामी, काकू म्हणणारं एकसुद्धा माणूस नसेल, अशा ठिकाणी. आणि सकाळी मी उठायच्या आधी माझा चहा तयार असेल. बस, एवढंच."

एवढंच! पण तिचं खरं होतं. आमच्याकडं रीत अशी की ज्या तालुक्यात आपला एक जरी पाहुणा राहतो, तिथं लॉजवर उतरायचं नाही. उतरलात तर तो पाहुणा तुमच्या दहाव्यालासुद्धा बोलून दाखवणार, "लॉजवर राहिले म्हणे! आमच्या घराला काय कुलूप होतं?" आणि माझे पाहुणे नाहीत असा तालुका अजून सरकारनं काढलेला नाही. लग्नानंतर पहिल्यांदा आम्ही फिरायला गेलो ते देवळाली प्रवराला, माझ्या आत्याकडं. तिथं ऊसलागण चालू होती. नव्या नवरीनं तीन दिवस चौदा माणसांच्या भाकरी थापल्या आणि येताना आत्यानं कौतुकानं तिला भाकरीचं पीठ मळायची एक काटवट भेट दिली. त्यानंतर तीस वर्षं आम्ही जिथं जिथं गेलो, तिथं मी ओसरीवर आणि पुष्पावती चुलीपुढं. पुढं चुलीची शेगडी झाली, एवढाच काय तो बदल.

शिवाय मला एक खोड आहे. मी तिला खोड म्हणत नाही, कला म्हणतो. समोरच्या माणसाला "गाव कोणतं?" विचारलं की चार मिनिटांत त्याचं-माझं नातं निघतं. एस.टी.त, दवाखान्यात, एकदा तर वाहतूक पोलिसाशी निघालं. त्यानं पावती फाडली नाही, पण घरी जेवायला आला. स्वयंपाक कुणी केला हे सांगायला नको. म्हणून पुष्पावतीनं मला अट घातली: हॉटेल भंडारदऱ्याचं, पाण्यासमोरचं, आणि निघाल्यापासून परत येईपर्यंत कुणालाही गाव विचारायचं नाही. मी शब्द दिला.

आता चिवडा. चिवडा हा आमचा कुत्रा. सावेडीतल्या भाजीबाजारामागं आमच्या लेकीला, निकिताला, लॉकडाऊनमध्ये सापडला. अंगावर तांबडे, काळे, पिवळे, पांढरे असे सगळे रंग आहेत, म्हणून चिवडा. पुढं निकिता नोकरीसाठी हैदराबादला गेली आणि चिवडा आमच्याकडं कायम झाला. तो पुष्पावतीच्याच हातानं खातो. ती दिसली नाही तर तोंड वर करून असा काही रडतो की शेजारी पायात चपला घालून, गंभीर चेहऱ्यानं चौकशीला येतात. एकदा एका लग्नासाठी त्याला कल्याणरावांकडं ठेवला होता. अर्ध्या मांडवातून मला बोलावून घेतलं. तेव्हापासून कल्याणरावांचे आणि चिवड्याचे संबंध बिघडले ते बिघडलेच.

म्हणजे हॉटेल असं पाहिजे, जिथं चिवडा चालेल.

ही बातमी सोसायटीत गेली आणि संध्याकाळी बाकावर सभा भरली. कल्याणराव म्हणाले, "म्हस्के, निवृत्तीनंतर माणसानं कुत्रं पाळू नये. मधमाश्या पाळाव्यात. त्यांना कुठं न्यावं लागत नाही." दुसरा सल्ला, त्याला शालीत गुंडाळून नातू म्हणून न्यावं. मी म्हटलं, शेपटीचं काय? तर म्हणाले, "लोक एवढं बघत नाहीत हो."

निकितानं मोबाईलवर एक ॲप उतरवून दिलं. भंडारदऱ्याच्या आसपास त्यात साठ हॉटेलं दिसायची. खाली 'पेट फ्रेंडली' अशी चौकट होती. तिच्यावर टिचकी मारली की साठाची चार व्हायची आणि त्यातली दोन नाशिकला असायची. मी दोन दिवस टिचकी मारून बघितली, आकडा काही वाढेना. शेवटी फोन उचलला.

पहिल्या हॉटेलवाल्यानं विचारलं, "चावतं का?"

"नाही."

"भुंकतं का?"

"नाही हो, अगदी गरीब आहे."

"मग पाळलंय कशाला?" म्हणाला आणि फोन ठेवला.

दुसरा म्हणाला, आमच्याकडं प्राणी चालतात, मागच्या महिन्यात एक कुटुंब पोपट घेऊन आलं होतं. कुत्र्याचं मात्र मालकाला विचारावं लागेल, आणि मालक दुबईला आहेत. तिसरं एक रिसॉर्ट होतं, 'जलतरंग' नावाचं. तिथला मॅनेजर म्हणाला, "चालेल सर. फक्त कुत्र्याचं लायसन आणि लसीचं कार्ड सोबत आणा." मला एकदम बरं वाटलं. कागद मागणाऱ्या माणसाबद्दल मला आदर आहे.

लसीचं कार्ड होतं. लायसन काढायला मी एका कार्यालयात गेलो. नाव घेत नाही. खिडकीतल्या माणसानं तीन कपाटं उघडून अर्ज शोधला, त्यावरची धूळ माझ्याच बाजूला झटकली आणि विचारलं, "प्राण्याची जात?"

"मिश्र."

"मिश्र असा रकाना नाही. अल्सेशियन, पामेरियन, इतर."

"मग इतर."

"इतरला पुरावा लागतो."

"इतर असल्याचा पुरावा कसा देणार?"

"तो तुमचा प्रश्न आहे."

मग रहिवासाचा पुरावा, कुत्रा माझाच असल्याचं प्रतिज्ञापत्र, दोन शेजाऱ्यांच्या सह्या, पासपोर्ट आकाराचे तीन फोटो. फोटो स्टुडिओवाला चिवड्याला सारखा सांगत होता, "जरा हनुवटी खाली." शेजाऱ्यांतली एक सही कल्याणरावांची घ्यावी लागली. त्यांनी सहीच्या वर 'वर्तन असमाधानकारक' असा शेरा मारला, म्हणून अर्ज पुन्हा लिहिला. चौथ्या खेपेला खिडकीतला माणूस म्हणाला, "साहेब नाहीत. कुत्री पकडायला गेलेत." माझ्या ओठांवर जोराचं काहीतरी आलं होतं. पण मी स्वतः चौतीस वर्षं लोकांना 'साहेब साइटवर गेलेत' सांगत आलो. बाकावर जाऊन बसलो. त्या बाकाचा एक पाय आखूड होता हे मला पहिल्यांदाच कळलं, म्हणजे तसे बाक आमच्याकडंही होते, पण मी नेहमी खिडकीच्या आतल्या बाजूला असायचो.

सहाव्या खेपेला लायसन मिळालं. मी सगळ्या कागदांची फाईल केली, वर 'चिवडा अजिनाथ म्हस्के' लिहिलं, आणि डिसेंबरातल्या एका शुक्रवारी सकाळी आम्ही तिघं गाडीतून निघालो. देवळाली प्रवरा जवळ येताच मी काच वर केली आणि मान खाली घातली. आत्याचं घर रस्त्यालाच आहे. पुष्पावती हसली. बऱ्याच दिवसांनी ती अशी मोकळी हसली आणि मला वाटलं, चला, जमतंय.

दुपारी संगमनेरच्या अलीकडं जेवायला थांबलो. बाहेर 'फॅमिली गार्डन' अशी पाटी. वेटर धावत आला.

"काका, फॅमिलीत कुत्रं न्हाई चालत."

"अरे, ही आमची फॅमिलीच आहे."

"तसं न्हाई. लहान पोरं असत्यात. पलीकडं परमिट रूमला चालंल. तिकडं कुनी काय म्हनत न्हाई."

"मग तिघं तिकडं बसतो."

"तिकडं लेडीज न्हाई चालत."

म्हणजे बायको असली तर कुत्रा नाही, कुत्रा असला तर बायको नाही. गाडीत त्याला कोंडून ठेवावं तर तो रडणार. शेवटी पुष्पावती एकटी फॅमिली केबिनमध्ये गेली आणि मी, ज्यानं उभ्या आयुष्यात पानाशिवाय दुसरा नाद केला नाही, चिवड्याला घेऊन परमिट रूममध्ये शिरलो. आत लोकांनी चिवड्याचं असं स्वागत केलं की तो रडायचं विसरला. एकानं त्याच्यापुढं चकणा ठेवला, तो त्यानं नुसता हुंगला; दुसऱ्यानं त्याला आपलं दुःख सांगायला सुरुवात केली. मी लिंबू सोडा मागवला. सोडा यायला आणि कल्याणरावांचा मेहुणा दारातून आत यायला एकच गाठ पडली. त्यानं मला पाहिलं, ग्लास पाहिला, कुत्रा पाहिला, आणि बाहेर जाऊन फोन लावला.

मी बाहेर आलो तेव्हा पुष्पावती केबिनमधून येत होती. तोंड नुसतं उजळलेलं. "बाई, काय जेवले मी! मधेच कुणी पाणी मागितलं नाही, कुणी पापड मागितला नाही. पहिला घास गरम आणि शेवटचाही गरम." मला माझं दुःख सांगायचं होतं, पण ते तसंच राहिलं. अकोले गावाजवळ निकिताचा फोन आला. "बाबा, तुम्ही प्यायला लागलात? आणि चिवड्यालाही पाजता?" हैदराबादला बातमी पोचायला पाऊण तास लागला होता.

दुपार कलता कलता 'जलतरंग'ला पोचलो. मी फाईल काउंटरवर ठेवली. मॅनेजरनं ती उघडली, फोटो पाहिला, मग काउंटरवरून वाकून खाली चिवड्याकडं पाहिलं. चिवड्यानं शेपटी हलवली.

"सर, हा कुत्रा आहे?"

"लायसन आहे त्याचं. पान नंबर तीन."

"तसं नाही सर. आम्हाला वाटलं... म्हणजे आमच्याकडं ब्रीडवाले येतात."

तेवढ्यात मागच्या सोफ्यावरून एक पांढरं, स्वेटर घातलेलं, मुठीएवढं काहीतरी चिवड्यावर भुंकलं. ते पुण्याहून आलं होतं. त्याला खोली मिळाली होती. त्याची फाईलही नव्हती. मी मॅनेजरला म्हटलं, "त्याचं लायसन दाखवा." तो म्हणाला, "त्यांना नाही लागत सर." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सहा खेपा, तीन फोटो, कल्याणरावांची सही, आणि हा स्वेटर बघून खोली देतो! मी तिथं जे बोललो त्यात दोन कायदे आणि एक परिपत्रक होतं. पण आम्ही बाहेर आलो ते आलोच.

त्यानंतरच्या दोन ठिकाणी तर गाडीतून उतरूही दिलं नाही. डोंगरामागं सूर्य उतरायला लागला, पाण्यावरून गार वारा यायला लागला. पुष्पावती शाल घेऊन बसली होती. एकदा म्हणाली, "चला, परत जाऊ. राहू दे." रागानं म्हणाली असती तर मी भांडलो असतो. ती समजूत घातल्यासारखं म्हणाली, ते मला सोसलं नाही.

शेवटचं हॉटेल होतं 'प्रवरामाई'. साधंच, सहा खोल्यांचं, पण बरोब्बर पाण्यासमोर. चार नंबरच्या खोलीला छोटा सज्जा होता. काउंटरवर मालक स्वतः बसला होता, गोरक्षनाथ वाकचौरे, टोपीवाला, चाळिशीचा. मी आमच्या दोघांची आणि चिवड्याची नावं रजिस्टरात लिहिली. चिवडा हे कुणाचं नाव, असं त्यानं विचारलं तेव्हा मी खाली बोट दाखवलं.

"न्हाई बा," तो म्हणाला. "कुत्रं न्हाई. गिऱ्हाईक बोंबलतंय."

मी फाईल उघडली. त्यानं ती मिटली. मी विनंती केली. तो "न्हाई" म्हणाला. मी माझं वय सांगितलं, लग्नाची तीस वर्षं सांगितली. तो म्हणाला, "अभिनंदन. पन कुत्रं न्हाई." आता माझ्याकडं एकच हत्यार उरलं होतं. पुष्पावतीनं ते माझ्या चेहऱ्यावर ओळखलं असावं. तिनं माझ्या पायावर पाय दिला. "अहो, नको," ती हळूच म्हणाली. "अहो, शब्द दिलाय."

पण मला ती खोली तिच्यासाठीच पाहिजे होती ना!

"मालक," मी म्हटलं, "मूळ गाव हेच का तुमचं?"

चार मिनिटंसुद्धा लागली नाहीत. त्याची थोरली बहीण देवळाली प्रवराला दिलेली. कुणाच्यात? कदमांच्यात. कोणते कदम? कॅनॉलच्या कडेचे. अहो, तिथं माझी आत्या! त्याची बहीण म्हणजे माझ्या आत्याच्या दिराची सून!

गोरक्षराव उभाच राहिला. "म्हंजी तुमी आमच्या अक्काच्या चुलतसासूचं भाचं? आरारारा! आन मघापासनं सांगना व्हय? लाज काढली की राव माजी!" त्यानं माझे दोन्ही हात धरले, पुष्पावतीला वाकून नमस्कार केला, चिवड्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "आपल्याच घरचं कुत्रं ह्ये. त्याला कोन न्हाई म्हंतंय?"

मी विजयानं पुष्पावतीकडं पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला कळेना काय झालं. मग कळलं.

"पन पाव्हणं," गोरक्षराव म्हणाला, "हॉटेलात कशापायी? ह्या मागं घर हाय. अक्काला कळलं का तुमाला खोलीत ठेवलं, तर ती माज्या दारात पाऊल टाकायची न्हाई." त्यानं लाल पेन घेतलं आणि रजिस्टरातली आमची दोघांची नावं खोडली. "पाव्हण्यांचं नाव रजिस्टरात असतंय व्हय? कुत्र्याचं ऱ्हाऊ द्या. त्याला चार नंबर देऊ. घरी आयेच्या कोंबड्या हायेत, उगा भानगड नको. चला वहिनी."

वहिनी म्हणाला! दारात पाऊल टाकायच्या आत म्हणाला. मी "अहो, पण" म्हणेपर्यंत आमची पिशवी त्याच्या खांद्यावर होती.

घरात त्याची आई, दगडाबाई, चुलीपुढं बसलेली. सत्तरी ओलांडलेली, गुडघ्यांनी हैराण, पण आवाज खणखणीत. सून माहेरी गेलेली. गोरक्षरावानं पाहुणे म्हणून कोंबडा कापायला सांगितला, चार शेजारी जेवायला बोलावले आणि आत डोकावून म्हणाला, "वहिनी, आयेचं गुडघं दुकत्यात. भाकरी तेवढ्या टाकता का?"

पुष्पावती उठली. पदर खोचला, पीठ घेतलं. मी ओसरीवर घोंगडीवर बसलो होतो, लोक मला विचारत होते की यंदा नगरकडं कांद्याचं काय, आणि आतून थप थप आवाज आणि हॉटेलाकडून चिवड्याचं रडणं ऐकू येत होतं. मी काय करून बसलो होतो! एक रात्र मागितली होती तिनं, तीस वर्षांत एक, आणि ती मी माझ्याच तोंडानं घालवली. उठून आत गेलो, म्हटलं, "मी टाकू का भाकरी?" तिनं माझ्याकडं पाहिलं. दगडाबाई म्हणाली, "गड्या, तू बस भाईर. पीठ महाग हाय."

जेवणं साडेसातलाच आटपली. पुष्पावती सगळ्यांना वाढून शेवटी दगडाबाईबरोबर बसली. मग तिनं हात धुतले, एका फडक्यात दोन भाकरी आणि कोंबड्याची चार हाडं बांधली, अंगावर शाल घेतली आणि ओसरीवर आली.

"भाऊजी," ती गोरक्षरावाला म्हणाली, "चार नंबरची किल्ली द्या. चिवडा माझ्या हाताशिवाय खात नाही. मी त्याच्यापाशीच झोपते."

"आवं वहिनी, पाव्हणी असून तुमी तिथं..."

"मी पाहुणी नाही. पाहुणे हे. तुमच्या अक्काच्या चुलतसासूचे भाचे हे आहेत, त्यांचं काय करायचं ते करा. मी कुत्र्याबरोबर आलेय, आणि कुत्र्याचं नाव रजिस्टरात आहे. त्याच्या खाली माझं लिहा. निळ्या शाईनं."

मी खाली बघत होतो. मग आतून दगडाबाईचा आवाज आला, "थांब गं बाई. मी बी येते."

"आये, तू कुठं?" गोरक्षराव घाबरला.

"तुज्या हॉटेलात. बारा वर्सं झाली काढून. सगळ्या चादरी म्या धुते. एका बी खाटंवर अजून बसले न्हाई म्या. माजं बी नाव लिव्ह." आणि काठी टेकत म्हातारी उंबऱ्याच्या बाहेर. जाता जाता वळून लेकाला म्हणाली, "भांडी पडल्यात. तुमी दोगं हायेच."

भांडी आम्ही दोघांनी घासली. गोरक्षराव विसळत होता, मी घासत होतो. रात्रीचं आणखी सांगण्यासारखं काही नाही. गोरक्षराव घोरतो.

सकाळी पहाट फुटायच्या सुमाराला मी हॉटेलाच्या फाटकाशी गेलो. मला माफी मागायची होती. वाक्य जुळवून ठेवलं होतं. फाटकात आसाराम नावाचा रखवालदार शेकोटी करून बसला होता.

"कुनाकडं?"

"चार नंबर. माझी बायको आहे तिथं."

त्यानं काउंटरवरून रजिस्टर आणलं, शेकोटीच्या उजेडात धरलं आणि बोटानं वाचत गेला. "चार नंबर. चिवडा. पुष्पावती अजिनाथ म्हस्के. दगडाबाई, म्हंजी आमच्या मालकीणबाई. तुमचं नाव काय म्हन्ला?"

"अजिनाथ म्हस्के. वर बघा, तिथंच आहे."

"ह्ये व्हय? ह्ये खोडलंय." त्यानं रजिस्टर मिटलं. "खोडलेलं चालत न्हाई. लेडीजची खोली हाय. भाईरच्या गड्याला सोडायचं न्हाई, मालकाचाच नियम हाय."

"अरे, मालकच माझे नातलग आहेत!"

"आसत्याल. नियम हाय."

खोडलेल्या नोंदीला अर्थ नसतो, हे मी लोकांना इतकी वर्षं सांगत आलो, आणि लोक काकुळतीला येऊन समोर उभे असायचे. मी वर पाहिलं. पाण्यावर धुकं होतं आणि सज्ज्यात उजेड पडत होता. दोन प्लास्टिकच्या खुर्च्यांवर पाय वर घेऊन, चादरी गुंडाळून पुष्पावती आणि दगडाबाई बसल्या होत्या. मधे चिवडा, त्यालाही चादर. खालच्या भटारखान्यातला आचारी ट्रे घेऊन जिना चढला आणि त्यानं दोघींच्या हातात कप दिले.

पुष्पावतीनं कप दोन्ही हातांत धरला. लगेच प्यायली नाही. आधी वास घेतला, मग एक घोट घेतला, मग पाण्याकडं बघत बसली. मग दुसरा घोट. मधेच उठली नाही, कुणाला काय हवं नको ते बघायला वळली नाही. तीस वर्षांत तिला चहा असा बसून पिताना मी पाहिलंच नव्हतं, हे मला तिथं फाटकाबाहेर उभं राहून कळलं. मी जुळवलेलं वाक्य विसरलो.

आसारामला माझी दया आली असावी. त्यानं तोंडाला हात लावून वर हाक मारली, "ओ ताई! ह्ये एक गृहस्थ आल्यात. म्हंत्यात मी तुमचा नवरा हाय. सोडू का वर?"

पुष्पावती कठड्याशी आली. तिनं मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. चिवड्यानंही पाहिलं आणि एकदा, जेमतेम, शेपटी हलवली.

"नवरेच आहेत," ती म्हणाली. "सोडा. पण आत्ता नको हो. आत्ताच दुसरा कप सांगितलाय."

आसारामनं शेकोटीपाशी माझ्यासाठी एक वीट सरकवली, आणि मी बसलो.